वडिलोपार्जित घड्याळ : उजळावे की जपावे?

वरसे असो वा रोहा-पेणची बाजारपेठ, आपल्या जुन्या व्यापारी घरांच्या तिजोरीत एखादे परदेशी मनगटी घड्याळ पुष्कळदा सापडते. आजोबांनी भरभराटीच्या वर्षी हौसेने घेतलेले ओमेगा किंवा रोलेक्स. तबकडी पिवळसर पडलेली, काचेवर ओरखडे, कडा झिजलेल्या. नातवाच्या लग्नाच्या निमित्ताने ते बाहेर येते आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नव्यासारखे करून घेऊ. दुसरा म्हणतो, हातही लावू नका.

या वादाचे उत्तर आपल्याच परंपरेतील एका शब्दात आहे : जीर्णोद्धार. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्याचा, असे आपण मानतो. मात्र उद्धार जीर्णाचा करावयाचा असतो. जीर्ण पुसून नवे उभारणे हा उद्धार नव्हे. मुंबईचा राजाबाई टॉवर याची साक्ष देतो. सुरतेचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव लाभले. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना घंटानादावरून वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. २०१५ साली या वास्तूचे जतनकार्य पूर्ण झाले. त्यात जुना दगड आणि रंगीत काचा जपून स्वच्छ व दुरुस्त करण्यात आल्या. वास्तूचे वय लपविण्यात आले नाही. २०१८ साली युनेस्कोने या कार्याचा गौरव केला.

हाच विवेक मनगटी घड्याळालाही लागू पडतो. घड्याळाचे आतील यंत्र आणि बाहेरचे रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रातील तेल वर्षानुवर्षे पडून घट्ट होते. त्याच अवस्थेत चावी देत राहिल्यास चक्रांचे दाते व आस झिजतात. कोकणातील चार महिन्यांची दमट हवा झिजलेल्या रबरी वॉशरमधून आत शिरते आणि पोलादी भागांवर गंज चढवते. म्हणून यंत्र उघडून साफ करणे, तेल देणे, वॉशर बदलणे यांत मुळीच दिरंगाई करू नये. ‘तसेच राहू दे’ म्हणणे येथे प्रेम नसून उपेक्षा ठरते.

बाहेरच्या रूपाचे मात्र तसे नाही. पॉलिश म्हणजे धातूचा थर घासून काढणे. त्यात कडांची धार आणि मागील बाजूस कोरलेली अक्षरे कायमची जातात. सोन्याचा मुलामा असेल, तर तो उडून खालची धातू उघडी पडते. पुन्हा रंगविलेली तबकडी कितीही सुबक दिसली, तरी जाणकार संग्राहक त्या घड्याळाची किंमत कमीच धरतात. जुन्या तबकडीवर अंधारात चमकणारा रंग असल्यास तो रेडियमचा असू शकतो. त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने घरी घड्याळ उघडण्याचा मोह टाळावा.

व्यापारी समाजाला याहूनही महत्त्वाची एक बाब आहे. तबकड्या रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकलेल्या मालाला परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचे नाव असे घेतले जावे, हे भूषणावह नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले, त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे : अस्सलाच्या नावाखाली त्यासारखे दिसणारे दुसरेच देणे. घड्याळ दुरुस्त करण्यात दोष नाही. दुरुस्ती लपवून विकण्यात आहे. भावाभावांत वाटणी करतानाही हाच नियम पाळावा.

तेव्हा कारागिराकडे देण्यापूर्वी घड्याळाची छायाचित्रे काढावीत. काय करावयाचे आणि कशाला हात लावावयाचा नाही, हे लिहून द्यावे. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून पावतीसह जपून ठेवावा. काच तडकली असेल तर अवश्य बदलावी, कारण त्या फटीतून ओलावा आत जातो. केवळ ओरखडे असतील तर राहू द्यावेत.

एक प्रश्न तरी उरतोच : मौल्यवान वस्तूचा इतका सांभाळ म्हणजे परिग्रहाचाच मोह नव्हे काय? तिजोरीत बंद राहून केवळ भाव वाढण्याची वाट पाहणारे घड्याळ निश्चितच परिग्रह आहे. परंतु सूर्योदयानंतर दोन घटिकांनी नवकारशी पारताना, अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक करताना आणि सूर्यास्तापूर्वी चौविहारासाठी पानावरून उठताना जे घड्याळ पाहिले जाते, ते घराच्या धर्माचरणात सहभागी असते. असे घड्याळ बिनचूक चालावे. त्याचा चेहरा मात्र आजोबांनी पाहिला तोच असावा, त्यांच्या हातून पडलेल्या ओरखड्यांसह.