ओळख आधी, गस्त नंतर

भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेले ते गाव शांत राहिले. मुंबईत अशा समित्या आल्या त्या दंगलीनंतर! घाटकोपर (२००२) आणि मुलुंड (२००३) येथील स्फोटांचे हादरे बसलेली उपनगरेही आज दाराला साखळी लावून निर्धास्त निजतात. सोसायटीच्या दक्षता गटाला बीट हवालदाराचे नावही ठाऊक नसेल, तर रात्रीची गस्त शिट्टीपुरतीच. गटाने न्यायनिवाडा मात्र करू नये. नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार नागरिकांनी पकडलेला गुन्हेगार सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावा लागतो. तेव्हा ठाणे अंमलदारानेही आणणाऱ्यांचीच उलटतपासणी मांडू नये.