किल्ली कोणाच्या खिशात?

२६ जानेवारी २०२१ रोजी शेतकऱ्यांचा ट्रॅक्टर मोर्चा दिल्लीत शिरला आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने सिंघू, टिकरी, गाझीपूर व लगतच्या परिसरात दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत इंटरनेट बंद ठेवण्याचा आदेश काढला. तीन दिवसांनी तसाच आदेश पुन्हा निघाला, या वेळी दोन दिवसांसाठी. मयूर विहार फेज तीन गाझीपूरला अगदी चिकटून आहे. 'लगतचा परिसर' नेमका कोणत्या गल्लीपाशी संपतो, हे तिथल्या गृहिणीने कोणाला विचारायचे? भाजीवाल्याचे पैसे मोबाइलवरूनच द्यायचे आणि करोनामुळे मुलांची शाळाही तेव्हा मोबाइलवरच भरत होती.

हे आठवण्याचे कारण असे की, इंटरनेट अमेरिकेच्या मुठीत का, ते साऱ्या जगाच्या हाती का नाही, असा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मयूर विहारच्या पत्त्यात फेज लिहायला विसरलात, तर पत्र भलत्याच पॉकेटात जायचे. इंटरनेटचेही तसेच. प्रत्येक संकेतस्थळाचा पत्ता जगात एकमेव हवा, म्हणजे पत्त्यांची मूळ नोंदवहीही एकच हवी. ही वही १९९८ पासून कॅलिफोर्नियातील 'आयकॅन' ही संस्था सांभाळते, आणि २०१६ पर्यंत ती अमेरिकी वाणिज्य खात्याशी केलेल्या करारानुसार सांभाळत होती. टपालाचे नियम १८७४ पासून आंतरराष्ट्रीय संघ ठरवतो, टेलिफोनचा आपला ९१ हा क्रमांकही तशाच एका संघाने दिलेला. मग इंटरनेटच तेवढे एका देशाच्या दावणीला का?

भारत सरकारने २६ ऑक्टोबर २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेमका हाच मुद्दा मांडला. ५० देशांची समिती नेमावी, तिने इंटरनेटची धोरणे ठरवावीत आणि उद्योजक, तंत्रज्ञ, नागरिक यांनी तिला सल्ला द्यावा, अशी ती योजना होती. म्हणजे निर्णय सरकारांनी घ्यायचे आणि बाकीच्यांनी नुसते सल्ले द्यायचे! त्यावर देशातूनच टीका झाली आणि २०१५ मध्ये सरकारने भूमिका बदलून सर्व घटकांच्या एकत्रित कारभाराला पाठिंबा दिला.

ते बरेच झाले. एका देशाची मक्तेदारी वाईट हे खरे, पण ५० सरकारांच्या हाती किल्ली देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे. टपाल संघ पत्र पोहोचेल कसे ते पाहतो. सरकारांना मात्र पाकिटाच्या आत काय आहे याचीच उत्सुकता फार.

शिवाय अमेरिकेचा तो करार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपला. संस्थेला कायदा अजून कॅलिफोर्नियाचाच लागू आहे, ही खोट आहेच, आणि ती दूर व्हायला हवी. तरीही २०२२ मध्ये रशियन संकेतस्थळांचे पत्ते वहीतून खोडा, अशी मागणी युक्रेनने केली तेव्हा संस्थेने ठाम नकार दिला. हाच विषय सरकारांच्या समितीत मतदानाला गेला असता तर? मग आज रशियाचे पत्ते, उद्या आणखी कोणाचे.

गाझीपूरचे इंटरनेट बंद करायला मात्र ही वही कोणाला उघडावीच लागली नाही. दूरसंचार कंपन्यांना दिल्लीतला एक कागद पुरला.

आंतरराष्ट्रीय करार करायचाच असेल, तर तो या कागदाविषयी करावा. काश्मीरच्या खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचा आदेश प्रसिद्ध करावाच लागेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात नियमांत १५ दिवसांची मर्यादाही आली. एवढे तरी सर्व देशांनी मान्य करावे, असा ठराव भारताने पुन्हा त्याच आमसभेत मांडला, तर कोणकोणते देश हात वर करतात ते पाहण्यासारखे असेल.