एकट्या गिऱ्हाइकाचा भाव

खांडबाऱ्याच्या परिसरातून तूर विकायला निघालेला शेतकरी आणि नंदुरबारच्या वा सुरतेच्या महाविद्यालयात शिकणारा, लॅपटॉप घ्यायला निघालेला त्याचा मुलगा या दोघांची बाजारातली स्थिती वरवर पाहता उलटी आहे. एक विकणारा, दुसरा विकत घेणारा. परंतु भाव दोघांनाही सांगितला जातो, दोघांपैकी कोणीही तो ठरवीत नाही. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले तरी या स्थितीत मोठासा फरक पडला नाही. वांग्यासाठी रुपयाची घासाघीस करणारा माणूस पन्नास हजारांच्या यंत्रापुढे गप्प होतो, कारण खोक्यावर किंमत छापलेली असते आणि छापील आकड्याशी वाद घालायचा नसतो अशी त्याची समजूत करून देण्यात आली आहे.

ही समजूत साफ चुकीची आहे. वैध मापनशास्त्र कायदा २००९ आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे नियम जी किंमत छापायला लावतात ती कमाल किरकोळ किंमत होय. तिच्यावर घेणे गुन्हा, खाली विकण्यास मुभा. आणि उत्पादक कंपन्या खाली विकतातच; मात्र सर्वांना नव्हे. पिगू यांनी १९२० साली ज्याला किंमतभेद म्हटले त्याचे लॅपटॉप हे ठळक उदाहरण आहे. तेच यंत्र सरकारी खात्याला एका भावाने, मोठ्या कंपनीला दुसऱ्या, विद्यार्थ्याला तिसऱ्या आणि ज्याने काहीच विचारले नाही त्याला चौथ्या भावाने विकले जाते. मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये मधला दुकानदार वगळून ग्राहकाला थेट संगणक विकण्याचा धंदा सुरू केला. पुढे इतरांनीही ती वाट धरली. दुकानदार गेला म्हणून त्याचे कमिशन ग्राहकाच्या पदरात आपोआप पडते असे मात्र नाही. ते मागावे लागते.

मागायचे कोठे, हे ठाऊक असले म्हणजे एकट्या ग्राहकालाही थोडेफार साधते. विक्रेत्या प्रतिनिधीला महिन्याचे व तिमाहीचे उद्दिष्ट गाठायचे असते, तेव्हा अखेरच्या आठवड्यात त्याची जीभ सैल होते. नवी आवृत्ती बाजारात आली की जुनीचा साठा हलवण्याची घाई कंपनीलाच असते. दुसऱ्या कंपनीचा लेखी भाव हाती ठेवून बोलावे. तोंडी भावाला किंमत नसते. पिशवी, विषाणूरोधक प्रणाली असली जोडसामग्री काढून टाकायला सांगावी. विंडोजऐवजी लिनक्स असलेले यंत्र मिळत असल्यास त्याचा भाव विचारावा. पैशांत सूट देता येत नसेल तर हमीची मुदत वाढवून मागावी, आणि घरपोच दुरुस्तीची हमी खांडबाऱ्याच्या पत्त्यापर्यंत खरोखर पोहोचते का, हे लिहून घ्यावे. यंत्र बिघडल्यावर सुरतेच्या दोन खेपा घालाव्या लागल्या तर मिळालेली सूट तापी खोऱ्याच्या रेल्वेतच संपते.

‘बिनव्याजी हप्ते’ या आमिषाबद्दल तर स्वतंत्रच लिहायला हवे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नसते हे बँकांना सुनावले होते. व्याज कोणी तरी भरतोच. बहुधा उत्पादक वा विक्रेता रोखीची सूट रोखून ते भरतो. म्हणून रोख देणाऱ्याने ती सूट हक्काने मागितली पाहिजे.

तथापि या साऱ्या युक्त्यांनी फार तर हजार-दोन हजार रुपये वाचतील. खरा भाव संख्येने पडतो. पन्नास हजारांच्या यंत्रात अठरा टक्के वस्तू व सेवा कराचे सुमारे ७,६०० रुपये असतात. नोंदणीकृत व्यापारी धंद्यासाठी यंत्र घेतो तेव्हा सामान्यतः ही रक्कम त्याला आपल्या करातून वळती करून मिळते; आदिवासी विद्यार्थ्याला नाही. म्हणजे ज्याच्या मागे संस्था आहे त्याला सूटही मिळते आणि कराची वजावटही. ज्याच्या मागे कोणी नाही तो दोन्ही बाजूंनी पूर्ण पैसे मोजतो. याला बाजाराचा निःपक्षपातीपणा म्हणतात!

यावर शासनानेच घाऊक खरेदी करून वाटप करावे, हे सरळ दिसणारे उत्तर. तमिळनाडूने २०११ पासून तसे केले. लाखो लॅपटॉप निविदा काढून उत्पादकांकडून घेतले आणि विद्यार्थ्यांना मोफत दिले. महाराष्ट्रात मात्र या उत्तरावर आदिवासी समाजाचा विश्वास उरू नये असाच इतिहास आहे. आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या काळातील योजनांतल्या गैरव्यवहारांची चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती गायकवाड समितीला करावी लागली आणि २०१७ मध्ये अहवाल आला. त्या सुमारास शासनाने आश्रमशाळांतील मुलांना वस्तूंऐवजी बँक खात्यात रक्कम देण्याचे धोरण स्वीकारले. ठेकेदाराचा हात त्यात आखडला, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याचबरोबर हजारो मुलांची एकत्रित मागणी फुटून हजारो एकटी गिऱ्हाइके झाली, याकडे कोणी पाहिले नाही. चोरी थांबवण्यासाठी सौदाशक्तीच मोडून टाकणे हा कसला हिशेब?

भाव ठरवणे आणि पैसे देणे ही दोन वेगळी कामे आहेत, ती एकाच हाती असण्याचे कारण नाही. गॅलब्रेथ यांनी १९५२ साली मांडलेली प्रतितोलक शक्तीची कल्पना येथे नेमकी लागू पडते: मोठ्या विक्रेत्यापुढे मोठा ग्राहक उभा राहिला तरच भाव खाली येतो. नंदुरबार व तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी वर्षारंभी वसतिगृहांतील व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची मागणी नोंदवावी, उत्पादकांकडून उघड दर मागवावेत, यंत्राच्या तपशिलासह ते महाविद्यालयांच्या फलकांवर लावावेत. पैसे विद्यार्थ्याने आपल्या खात्यातून थेट कंपनीला द्यावेत, आणि न पटल्यास अन्यत्र घेण्याची त्याला पूर्ण मोकळीक असावी. कार्यालयाच्या हातून एक रुपयाही जाणार नसेल तर टक्केवारी कशाची मागणार? दरकरार ही आपल्या शासनाला जुनीच ओळखीची पद्धत आहे. फक्त तिचा लाभ खात्यांपुरता राखून ठेवलेला होता.

सहकारी संस्थांनाही हे काम उचलता येईल. केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जून २०२२ रोजी सहकारी संस्थांना सरकारी ई-बाजारपेठेत खरेदीदार म्हणून प्रवेश दिला. परंतु पहिल्या टप्प्यात तो शंभर कोटींहून अधिक उलाढाल वा ठेवी असलेल्यांपुरता होता. ज्यांना आधीच सवलत मिळते त्यांनाच आणखी एक दार उघडले. खांडबाऱ्यासारख्या गावातली आदिवासी विविध कार्यकारी संस्था त्या रांगेत कशी बसावी? तिला जिल्हा बँकेच्या वा आदिवासी विकास महामंडळाच्या नावाखाली मागणी नोंदवता आली पाहिजे, आणि ही तरतूद करून घेण्याचे काम नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींचे आहे. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. मागणीची यादी मार्चअखेर, कंपन्यांच्या प्रतिनिधींना उद्दिष्टाची घाई असते त्याच आठवड्यांत, त्यांच्यापुढे ठेवता येईल.