गाणे कुणाचे?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या येथील मंडळाने जुन्या भावगीतांचा कार्यक्रम ठेवला होता. कार्यक्रमपत्रिकेचे काम माझ्याकडे आले. कचेरीत आयुष्य टिपणे लिहिण्यात चालले असल्यामुळे असेल, प्रत्येक गीतापुढे मी कवी, संगीतकार आणि मूळ गायक अशी तिन्ही नावे लिहून दिली. पत्रिका छापून आली तेव्हा एकच नाव उरले होते, गायकाचे. विचारता उत्तर मिळाले, "अहो, जागा नव्हती. आणि लोकांना कवीशी काय करावयाचे आहे?" त्याच पत्रिकेत देणगीदारांच्या नावांना दोन पाने दिलेली होती.

हा प्रमाद एका मंडळापुरता असता तर मी लेखणी उचलली नसती. परंतु आमच्या रविवारच्या बैठकीतही निराळे काय चालते? चहाचा दुसरा पेला येतो न येतो तोच लता की आशा, रफी की किशोर, फडके की दाते हे वाद पेटतात आणि गायकांची जणू ज्येष्ठतायादी तयार होते. आवडनिवड मलाही आहे. पण गाणे म्हणजे केवळ कंठ, हे मला मान्य नाही. 'तोच चंद्रमा नभात' हे फडक्यांचे गाणे म्हणून सारे माना डोलावतात. चाल फडक्यांची, कंठही त्यांचाच, हे खरे. पण ते शब्द शान्ता शेळके यांचे आहेत हे बैठकीत सांगावे लागते, आणि सांगणारा आगाऊ ठरतो!

गीतरामायणाचे उदाहरण मजपुढे हटकून टाकले जाते. तेथे माडगूळकरांना कोण विसरले आहे? कोणीच नाही, आणि म्हणूनच ते उदाहरण माझ्या बाजूचे आहे. 1955 च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या त्या छप्पन्न गीतांना कवी आणि संगीतकार दोघेही चिकटून राहिले, म्हणून त्यांची चर्चा अर्थापर्यंत जाते. मात्र तेथेही आपण सारे हिशेब चुकते केलेले नाहीत. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक कंठ होते. आणि ही कल्पना माडगूळकरांपुढे ठेवणारे सीताकांत लाड आकाशवाणीच्या नोकरीत होते. सरकारी नोकराच्या हातून असेही काही घडते, हे निदान आपण नोकरदारांनी तरी लक्षात ठेवावयास हवे होते.

'कॉल ऑफ द व्हॅली' ही 1967 ची तबकडी आमच्या मित्रांना फार प्रिय आहे. शिवकुमार, हरिप्रसाद ही नावे ओठांवर. गिटारवाले ब्रिजभूषण काबरा क्वचित. आणि ती घडवून आणणारे 'एच.एम.व्ही.'चे जी. एन. जोशी कधीच नाहीत. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' स्वतः गाऊन मराठी भावगीताला तबकडीवर आणणाऱ्यांपैकी हे गृहस्थ!

"आवाजामुळेच गाणे पोचते," असा आक्षेप येईल. पोचते, हे कबूल. पण 1949 साली 'महल'च्या तबकडीवर लताबाईंच्या जागी पडद्यावरील कामिनी या पात्राचे नाव छापले होते, ते आज आपल्याला अन्यायाचे वाटते ना? मग कवीचे नाव गाळताना मन का कचरत नाही? चित्रपटगीतांच्या उत्पन्नात कवी आणि संगीतकार यांचा वाटा कायद्याने 2012 साली मान्य केला. रसिकांना तेवढाही उशीर पुरेसा झालेला दिसत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना हे क्षुल्लक वाटेल. तेथे कविता पाठ्यपुस्तकात भेटते. माझी मुलगी ज्या शाळेत जाते तेथे मराठी नाही. तिच्या कानावर पडणारी मराठी कविता म्हणजे ही गाणीच. "हे कुणाचे?" असे तिने विचारले आणि आपण केवळ गायकाचे नाव सांगितले, तर ती त्याचे आणखी एक गाणे ऐकेल, इतकेच. कवीचे नाव कळले, तर कपाटातले पुस्तक काढील. गेल्या महिन्यात तिने बोरकर काढले होते. निम्मे शब्द मला विचारले, त्यांतले काही मलाही आले नाहीत.

यंदाच्या पत्रिकेसाठी मंडळाचा निरोप आला आहे. तिन्ही नावे छापणार असाल तरच मजकूर देतो, असे मी लेखी कळवले आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.