फिल्मचे पैसे कोणाचे?

आषाढी एकादशी जवळ आली की पंढरपुरात टी-शर्ट छापणाऱ्यांची धांदल उडते. दिंडीचे नाव, मंडळाचे बोधचिन्ह, स्वयंसेवकांच्या पाठीवरचे ‘सेवेकरी’, फराळ वाटणाऱ्या संस्थेचे नाव, हे सारे कपड्यावर उतरवायचे असते आणि तेही ठरलेल्या दिवसाच्या आत. एकादशी कोणासाठी थांबत नाही. द्वादशीला तयार झालेल्या शर्टाला गिऱ्हाईक नसते.

या कामात आपल्या घरांतली मुलेही आहेत. ती स्क्वीजी ओढतात, शर्ट वाळवतात, घड्या घालतात. मेहनत त्यांचीच. पण छपाईतला जो भाग डोक्याने करायचा असतो तो अनेकदा बाहेरगावाहून करून आणला जातो. धंद्यात त्याला ‘सेपरेशन’ म्हणतात, म्हणजे चित्रातले रंग वेगळे काढणे. या महिन्यात त्यावर लिहीत आहोत. हे काम घरात बसून शिकता येते, आणि ते घरात आले की एक प्रश्नही सोबत येतो.

आधी काम समजून घेऊ. स्क्रीन छपाईत एका चौकटीतून एका वेळी एकच शाई उतरते. चित्रात तीन रंग असतील तर तीन चौकटी लागतात, आणि प्रत्येक चौकटीसाठी एक वेगळी फिल्म. चौकटीवर ताणलेल्या जाळीला इमल्शन लावून ते अंधारात वाळवतात. त्यावर फिल्म ठेवून प्रकाश देतात. प्रकाश पडतो तेथे इमल्शन घट्ट होते. फिल्मवर जेथे काळे आहे तेथे ते कच्चे राहते आणि पाण्याने धुऊन जाते. त्या मोकळ्या जागेतून शाई कापडावर उतरते. म्हणून फिल्म नेहमी काळीच असते, मग शाई भगवी असो की हिरवी. शिकणाऱ्याला पहिल्यांदा अडते ते इथेच. रंग डोळ्यांसमोर नसतो, तो मनात धरून काळ्यात काम करावे लागते.

ही विद्या संगणकाबरोबर आलेली नाही. कच्छच्या अजरख छपाईत मुस्लिम खत्री कारागीर पिढ्यान्‌पिढ्या रेघांचा ठसा वेगळा आणि भरणीचा ठसा वेगळा वापरत आले आहेत. 2001 च्या भूकंपानंतर त्यांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले, तेव्हा हे हुनरही सोबत नेले. आपल्या महाराष्ट्रात राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे रंगीत चित्र छापताना एकेका रंगासाठी वेगळा दगड लागे. मूळ चित्राकडे पाहून कोणत्या दगडावर काय जाईल हे कोणीतरी ठरवीत असे. चित्राखाली नाव रविवर्म्यांचे राहिले. रंग वाटून देणाऱ्या त्या हातांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत?

शिकायला सुरुवात करण्यासाठी संगणकही लागत नाही. आम्ही मुलांना एक साधा अभ्यास देतो. कागदावर तीन सपाट रंगांचे चित्र काढा, उदाहरणार्थ लाल पतंग, पिवळी शेपटी आणि काळी बाह्यरेषा. कागदाच्या चारही कोपऱ्यांत अधिकची खूण करा. आता तीन बटर पेपर घ्या. पहिल्यावर फक्त लाल भाग काळ्या शाईने भरा, दुसऱ्यावर पिवळा, तिसऱ्यावर रेषा. प्रत्येक कागदावर कोपऱ्यांतल्या खुणा अचूक उतरवा. मग तिन्ही कागद खुणेवर खूण ठेवून खिडकीच्या काचेला लावा. कोठे फट राहिली, कोठे एकावर एक चढले, ते उजेडात लगेच दिसते. हेच सेपरेशन. पुढे कोरल ड्रॉवर तेच करायचे असते.

मग बारकावे येतात. छापताना कापड थोडे हलतेच. म्हणून फिका रंग गडद रंगाखाली साधारण अर्धा मिलिमीटर सरकवून ठेवतात, म्हणजे मध्ये पांढरी फट दिसत नाही. काळ्या किंवा मरून शर्टावर रंग थेट छापला तर तो बुडून जातो. त्यासाठी आधी पांढऱ्याचा पाया देतात, तो अर्धवट सुकवतात आणि वर रंग चढवतात. हा पाया वरच्या रंगापेक्षा किंचित आत घ्यावा लागतो, नाहीतर कडेने पांढरी किनार डोकावते. छायाचित्र छापायचे असेल तर रंग ठिपक्यांत फोडतात. शर्टासाठी एका इंचात साधारण 45 ते 55 ओळी ठिपके पुरतात. इंचातले जाळीचे धागे त्याच्या चार-पाच पट असावेत. प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांचा कोन वेगळा ठेवावा, नाहीतर चित्रावर जाळीदार लहरी उठतात.

आता एका घराची गोष्ट. आमच्या हाताखाली शिकून गेलेली एक मुलगी बारावीनंतर घरी होती. भाऊ टी-शर्ट छापतो. त्याच्या जुन्या संगणकावर ती रात्री कोरल ड्रॉ शिकली. मागच्या हंगामात 300 काळ्या शर्टांचे काम आले. चित्रात पांढरा, भगवा, पिवळा आणि काळा असे चार रंग. बाहेरच्या माणसाने पाच फिल्म सांगितल्या: चार रंगांच्या चार आणि पांढऱ्या पायाची एक. मुलीने चित्र पुन्हा पाहिले. शर्ट काळाच आहे, मग काळी शाई कशाला? तेवढी जागा मोकळी सोडली की कापडच काळी रेषा होते. पायाचा पांढरा आणि अक्षरांचा पांढरा एकाच चौकटीत बसतो. पाचाच्या तीन चौकटी झाल्या. एका शर्टामागे स्क्वीजीचे दोन हात वाचले, म्हणजे 300 शर्टांत 600. भावाचे काम एकादशीच्या चार दिवस आधी पुरे झाले.

हंगाम संपल्यावर हिशेबाची वही निघाली. शर्ट, शाई, जाळी, वीज, चहा, मदतीला आलेल्या दोन मुलांची मजुरी, सगळे लिहिलेले. पूर्वी त्याच वहीत ‘फिल्म’ अशी एक ओळ असे आणि त्यापुढची रक्कम बाहेरगावी जाई. यंदा ती ओळच नव्हती. घरच्यांना तो नफा वाटला. अम्मीने विचारले, “फिल्म तर झाली ना? मग तिचे पैसे कोणाचे?” भाऊ म्हणाला, “अम्मी, घरचंच काम आहे.” त्याच आठवड्यात स्थळाकडच्या बायका आल्या होत्या. मुलगी काय करते, असे त्यांनी विचारले तेव्हा उत्तर गेले, घरीच असते.

भाऊ वाईट नाही. बहिणीवर त्याचा जीव आहे. पण जे काम बाहेरचा करतो तेव्हा त्याला दाम असतो, ते बहिणीने केले की मदत कसे होते? हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, हे आपण मुलग्यांना कौतुकाने सांगतो. सूरह निसामध्ये स्त्रीच्या कमाईवर तिचा हक्क सांगितला आहे, ते मुलींच्या बाबतीत वहीपर्यंत पोहोचत नाही. आता त्या घरात ‘फिल्म’ची ओळ परत आली आहे आणि तिच्यापुढे मुलीचे नाव आहे. रक्कम बाहेरच्या माणसाला देत होते त्याच्या निम्मी. आमचे म्हणणे, पूर्ण द्यावी. ती रक्कम तिने घरात खर्च करायची की शिक्षणासाठी ठेवायची, हे तिने ठरवावे.

या धंद्यात उतरणाऱ्या घरांतून आणखी एक प्रश्न येतो: चित्रे छापावीत का? फतवा देणे हे आमचे काम नाही. आपल्या आलिमांना विचारावे. काही घरे फक्त अक्षरांचे काम घेतात, शाळांचे, कबड्डी संघांचे, संस्थांचे, आणि गिऱ्हाइकाला ते आधीच अदबीने सांगतात. अक्षरांच्या कामातही सेपरेशन तितकेच लागते. नामांकित कंपनीचे चिन्ह परवानगीशिवाय छापणे मात्र कोणीच करू नये. ती चोरी आहे, आणि चोरीच्या रोजीत बरकत नसते.

एक सावधगिरी. फिल्म घरात होऊ शकते, पण इमल्शनचे काम स्वयंपाकघरात किंवा मोरीत करू नका. काही इमल्शनमध्ये मिसळायचे बायक्रोमेट विषारी असते. हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा. शक्यतो डायझोचे इमल्शन वापरा. शाईनुसार पुरेशी उष्णता दिल्याशिवाय शर्ट गिऱ्हाइकाला देऊ नका. प्लास्टिसोल शाईला साधारण 160 अंश सेल्सिअस लागते. एक शर्ट आधी धुऊन पाहावा.

ज्या घरात छपाईचे टेबल आहे त्यांनी या सुट्टीत मुलामुलींना बटर पेपर आणून द्यावा. कोणाची नजर या कामात बसते ते चार दिवसांत कळेल. आणि ती नजर मुलीची निघाली तर हंगाम सुरू होण्याआधीच वहीत तिच्या नावाची ओळ घाला. काम झाल्यावर ठरवू म्हटले की ते ठरत नाही.