सायनसवरून कळतं का, कवटी स्त्रीची की पुरुषाची? ७० टक्के अचूकतेचा खरा अर्थ

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. त्यानंतरचे दोन आठवडे आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक शब्द सारखा दिसत होता, डीएनए. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण त्यात गेले. बरेच मृतदेह इतके जळाले होते की घरच्यांनाही ओळखता येईना. मग नातेवाइकांची सॅम्पल्स घेतली गेली, ती जुळवून पाहिली आणि एकेक मृतदेह ताब्यात दिला गेला.

तेव्हा एका मित्राने मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "अरे, सीटी स्कॅनमधला सायनस मोजून स्त्री की पुरुष ते सांगता येतं म्हणे. एआयला तर सेकंदाचं काम. मग एवढे दिवस कशाला लागतात?"

प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. हे तंत्र खरंच आहे. पण त्याचा उपयोग नक्की कुठे होतो आणि कुठे ते घात करू शकतं, हे बातम्यांच्या मथळ्यांत येत नाही. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण हे प्रकरण शेवटी क्लासिफिकेशनचंच आहे, आणि रोज ऑफिसात मी त्याच्याशीच झटापट करत असतो.

सायनसच का?

ज्यांना सर्दीत कपाळ जड होतं, गालाची हाडं ठणकतात, त्यांना सायनस वेगळा सांगायला नको. (मी त्यातलाच.) चेहऱ्याच्या हाडांमधल्या या हवेच्या पोकळ्या. सगळ्यात मोठा असतो गालाच्या हाडामागचा, मॅक्सिलरी सायनस. कपाळात असतो तो फ्रंटल. पुरुषांमध्ये सरासरीने या पोकळ्या थोड्या मोठ्या असतात, म्हणून सीटी स्कॅनवर त्यांची उंची, रुंदी, लांबी मोजायची आणि त्यावरून अंदाज करायचा, अशी ही पद्धत.

आता कोणी म्हणेल, पोकळीच का मोजायची? सरळ हाडं बघावीत की. बरोबर आहे. कटिबंधाचं हाड, म्हणजे पेल्विस, सापडलं तर अनुभवी तज्ज्ञ ९५ टक्क्यांच्या आसपास बरोबर सांगतात, कारण बाळंतपणासाठी स्त्रीच्या त्या हाडाची ठेवणच वेगळी असते. पूर्ण कवटी मिळाली तरी बरंच कळतं. प्रश्न असतो जळालेल्या किंवा तुकडे झालेल्या अवशेषांचा. तिथे बाकीची हाडं ओळखू येण्यापलीकडे गेली तरी गालाच्या हाडाचा भाग आणि आतला मॅक्सिलरी सायनस बऱ्याचदा शाबूत मिळतो. थोडक्यात, दुसरं काही हातात नसताना उपयोगी पडणारी ही पद्धत आहे.

मग ती किती बरोबर येते? २००७ मध्ये तुर्कस्तानातल्या संशोधकांनी १२७ प्रौढांच्या सीटी स्कॅनवर हे करून पाहिलं. साधारण ६९ टक्के लोकांचं लिंग बरोबर ओळखता आलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराकमधल्या अभ्यासात ८८ जण होते. सायनसची उंची हे सगळ्यात चांगलं माप ठरलं आणि अचूकता आली सुमारे ७२ टक्के. भारतातल्या डेंटल कॉलेजांमधूनही असे अभ्यास नियमित येतात.

७० टक्के म्हणजे परीक्षेत फर्स्ट क्लास. पण इथे शून्यापासून सुरुवात होत नाही. काहीही न मोजता नुसतं नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतातच. सायनसने त्यात वीसेक टक्क्यांची भर घातली, एवढंच. कारण साधं आहे. सरासरीत फरक असला तरी स्त्री-पुरुषांची मापं एकमेकांत भरपूर मिसळलेली असतात. छोट्या चणीचा पुरुष आणि उंचनिंच बाई यांच्यात सायनस काय फरक दाखवणार? त्यातून वरच्या दाढा पडल्या की सायनस खाली जबड्याकडे पसरतो, म्हणजे म्हातारपणी मापं बदलतात. आणि लहान मुलांचे सायनस तर वाढतच असतात, त्यांच्यावर हे चालतच नाही.

सॉर्ट आणि फिल्टर

आता मित्राच्या प्रश्नाकडे. अहमदाबादला विमानातल्या प्रवाशांची यादी हातात होती. कोण गेलं हे बरंचसं माहीत होतं, कोणता देह कोणाचा हे ठरवायचं होतं. नातेवाईक समोर होते. अशा वेळी इंटरपोलची पद्धत तीनच गोष्टींना पक्की ओळख मानते: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. 'ही स्त्री आहे' एवढं कळून देह कोणाच्या ताब्यात देणार? सायनसचं तिथे फारसं कामच नव्हतं.

आता उलटी परिस्थिती घ्या. घाटात जळालेली कवटी सापडली. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. यादी नाही, नातेवाईक नाहीत. डीएनए निघाला तर त्यातून लिंग कळेलही, पण खूप जळालेल्या हाडातून तो निघेलच असं नाही. आणि निघाला तरी जुळवायचा कोणाशी? आधी हरवलेल्या लोकांच्या नोंदींमधून काही घरं निवडायला लागतात. इथे सायनस कामाला येतो. आणि घोळही इथेच होऊ शकतो.

शॉपिंग अ‍ॅपवर शूज शोधताना तुम्ही दोन गोष्टी करता. 'साइज ८' हा फिल्टर लावला की बाकीचे शूज स्क्रीनवरून गायब. 'किंमत कमी ते जास्त' असं सॉर्ट केलं तर सगळे शूज राहतात, फक्त क्रम बदलतो. ७० टक्क्यांच्या अंदाजाने सॉर्ट करायचं असतं. फिल्टर नाही.

उदाहरणाला आकडे घेऊ, हे माझ्या मनातले आहेत. समजा त्या भागातल्या बेपत्ता लोकांच्या ५० फाइल्स आहेत, त्यात ४० स्त्रिया आणि १० पुरुष. कवटी यांच्यापैकीच कोणाची तरी आहे असं धरू. सायनस म्हणाला, 'पुरुष.' अधिकाऱ्याने ४० फाइल्स बाजूला ठेवल्या. बरोबर केलं?

गणित करा. १० पुरुषांपैकी ७ जणांना ही पद्धत 'पुरुष' म्हणेल. पण ४० स्त्रियांपैकीही १२ जणींना ती चुकून 'पुरुष' म्हणेल. म्हणजे 'पुरुष' असं उत्तर येण्याचे एकूण १९ मार्ग, त्यातले १२ स्त्रियांकडे जाणारे. उत्तर 'पुरुष' आलं तरी कवटी स्त्रीची असण्याची शक्यता ६३ टक्के! पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी दोनदा तपासलं. चूक नाही.

सॉर्ट केलं तर १० पुरुषांच्या फाइल्स आधी उघडायच्या, हे योग्यच, कारण त्यातली प्रत्येक फाइल एकेका स्त्रीच्या फाइलपेक्षा जास्त शक्यतेची आहे. पण दहा झाल्यावर थांबायचं नाही. थांबलात तर जिच्या घरचे वाट बघताहेत तिची फाइल कपाटात बंद आणि तिची हाडं 'अनोळखी पुरुष' म्हणून नोंदलेली. कॉम्प्युटरवर शोधताना तर हे आणखी सोपं होऊन बसतं, कारण फॉर्ममध्ये लिंगाचा ड्रॉपडाऊन असतो आणि एकदा तो निवडला की उरलेली निम्मी दुनिया दिसतच नाही.

ही भीती हवेतली नाही. १९७२ मध्ये केनेथ वाइस या मानववंशशास्त्रज्ञाने उत्खननांत मिळालेल्या प्रौढ सांगाड्यांच्या नोंदी तपासल्या. तज्ज्ञांचा कल सुमारे १२ टक्क्यांनी पुरुषांकडे झुकलेला दिसला. संशय आला की 'पुरुष' लिहायचं, अशी सवयच म्हणा ना. सायनसच्या बाबतीत चूक उलट्या दिशेनेही जाऊ शकते. आडव्यातिडव्या बांध्याच्या लोकांवरून काढलेली मर्यादा आपल्याकडच्या किरकोळ बांध्याच्या लोकांना लावली तर पुरुषांनाच धडाधड 'स्त्री' ठरवलं जाईल. आपल्या लोकांचा डेटा नसेल तर मॉडेल आपल्यासाठी नाही, हे फेस अनलॉकपासून सगळ्याला लागू आहे.

आणखी एक. हाड फक्त जन्माच्या वेळचं शरीर सांगतं. एखादी ट्रान्स स्त्री हरवली असेल आणि घरच्यांनी किंवा तिच्या लोकांनी तक्रारीत 'स्त्री' लिहिलं असेल, तर सायनस आणि तक्रार कधीच जुळणार नाहीत. फिल्टर लावणाऱ्याला ती सापडणारच नाही.

एआयने काय फरक पडला?

पडलाय, आणि तो मान्य करायला हवा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात न्यूरल नेटवर्कला सीटी स्कॅनवरून बनवलेल्या ९०० कवट्या दाखवून शिकवलं आणि १०० नव्या कवट्यांवर तपासलं. ९५ टक्के बरोबर. दोन-तीन मापांच्या जुन्या सूत्रापेक्षा पूर्ण कवटीचा आकार बघणारं मॉडेल सरस ठरणारच.

पण त्या कवट्या हॉस्पिटलमधल्या स्कॅनच्या होत्या. अख्ख्या, स्वच्छ. घाटातला जळका तुकडा मॉडेलने ट्रेनिंगमध्ये पाहिलेलाच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगला पास झालेला कोड प्रॉडक्शनमध्ये झोपतो, तो इथेच. मला विचाराल तर अशा मॉडेलचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर 'स्त्री' किंवा 'पुरुष' नसून 'सांगता येत नाही' हे आहे. ते बटण ज्यात नाही ते सॉफ्टवेअर पोलिसांना देऊच नये.

गंमत म्हणजे सायनस ज्या कामात खरा हिरो आहे ते काम वेगळंच आहे. कपाळातल्या फ्रंटल सायनसची किनार प्रत्येकाची निराळी असते, एकसारख्या जुळ्यांचीसुद्धा. त्यावरून माणूस ओळखता येईल असं व्हिएन्नाच्या आर्टुर शुलर यांनी १९२१ मध्येच सुचवलं होतं, आणि १९२७ मध्ये कल्बर्ट आणि लॉ या अमेरिकन डॉक्टरांनी जुने एक्स-रे जुळवून एका मृताची ओळख पटवल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा कॉम्प्युटरही नव्हता! अट एकच, जिवंतपणीचा स्कॅन कुठेतरी जपलेला हवा.

हे वाचल्यावर मी माझ्या सायनसच्या सीटीची फाइल शोधली. रिपोर्टचा कागद होता, फिल्म वळकटी होऊन कपाटावर पडली होती, आणि मूळ डेटा होता सीडीवर. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. शेवटी काकांच्या जुन्या पीसीवर कॉपी करून ते फोल्डर ड्राइव्हवर टाकलं आणि आईला शेअर केलं. तिने विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "असू दे."