आपल्या आळीचे नाटक

गणेशोत्सव महिन्यावर आला, की आमच्या भिवंडीच्या आळ्याआळ्यांतून मुलांचे एखादे टोळके माझ्या घरी येते आणि ओटीवर उभे राहून विचारते, "सर, यंदा कोणते नाटक बसवावे?" मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून निवृत्त झालो, त्याला बरीच वर्षे लोटली, परंतु हा प्रश्न काही निवृत्त झाला नाही. माझे उत्तरही ठरलेले असते. मी म्हणतो, "एकांकिका बसवा." हे ऐकताच मुलांचे चेहरे उतरतात. त्यांना हवे असते तीन अंकांचे भारी नाटक. त्यात राजवाड्याचा पडदा असावा, तलवारी खणखणाव्यात आणि मध्यंतरात बटाटेवडे मिळावेत! एकांकिका म्हणजे त्यांना अर्ध्यावर सोडलेले नाटक वाटते.

मुलांनो, ही समजूत चुकीची आहे. एकांकिका म्हणजे मोठ्या नाटकाचा तोडलेला तुकडा नव्हे. एकच प्रसंग, थोडी माणसे आणि अर्ध्या-पाऊण तासाचा अवधी. एवढ्यात ती आपले म्हणणे पुरे करते. वडाचे रोप आणि तुळस यांत लहानमोठेपणा कसला पाहावयाचा? तुळशीला वृंदावन पुरते, आणि तिथेच ती शोभते.

हे शहाणपण मला जन्मतः मिळालेले नाही. मी नवा शिक्षक असताना शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एक तीन अंकी ऐतिहासिक नाटक निवडले. दोन महिने तालमी चालल्या. वर्गात एक मुलगा होता. त्याचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख. पण त्याच्या घरी चार यंत्रमाग होते आणि शाळा सुटली, की त्याला कांड्या भरावयास बसावे लागे. तो तालमीला येऊ शकेना, म्हणून मी त्याचे नाव गाळले. हळूहळू तशी आणखी सात-आठ नावे गळली. ज्यांना सायंकाळ मोकळी होती, तेवढेच रंगमंचावर उरले. प्रयोगाच्या रात्री तिसरा अंक सुरू होईतो बारा वाजून गेले. सकाळच्या पाळीला जाणारे पालक एकेक करून उठून गेले, आणि आमच्या सेनापतीने आपले वीरश्रीचे भाषण रिकाम्या बाकांपुढे केले. यात दोष कोणाचाच नव्हता. तो सर्वस्वी माझा होता.

पुढल्या वर्षी मी त्याच मुलाला दिवाकरांची एक नाट्यछटा दिली. कांड्या भरता भरता त्याने ती चार दिवसांत पाठ केली. संमेलनात तो एकटा उभा राहिला. अंगात रोजचाच सदरा होता, मागे साधी भिंत होती. पाच-सहा मिनिटांत त्याने सगळे पटांगण हसवून सोडले. त्याचे वडील मागे उभे होते. पाळी बदलावयास दहा मिनिटे उशीर झाला तरी ते हलले नाहीत.

तेव्हापासून मी आळीच्या नाटकाला एकच कसोटी लावतो: ज्याला वेळ नाही, त्याला या नाटकात जागा आहे का? आमच्या गावात ही कसोटी फार महत्त्वाची आहे. येथे यंत्रमागांची खटखट दिवसरात्र चालते आणि मागावरचा कामगार बारा-बारा तासांची पाळी करतो. अशा गावात दोन महिन्यांच्या तालमींचे नाटक म्हणजे सवड असणाऱ्यांचे नाटक. एकांकिकेला पंधरा दिवस पुरतात.

आता कोणती नाटके निवडावी, ते सांगतो.

आरंभ दिवाकरांपासून करावा. दिवाकर म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे. ते पुण्यात शिक्षक होते. त्यांनी १९११ साली नाट्यछटा लिहावयास आरंभ केला आणि हा प्रकार मराठीत रूढ केला. नाट्यछटेत बोलणारे पात्र एकच असते. समोरची माणसे दिसत नाहीत. पण बोलणाऱ्याच्या शब्दांवरून, थांबण्यावरून आणि वळणाऱ्या नजरेवरून ती आपल्याला दिसू लागतात. 'पंत मेले - राव चढले' किंवा 'एका हलवायाचे दुकान' ही नाट्यछटा घेऊन आरशासमोर उभे राहा. समोर कोणी नसताना तेथे कोणी आहे असे भासविणे किती अवघड आहे, हे पहिल्या दोन ओळींतच कळेल. खर्च मात्र काहीच नाही.

यानंतर मी एक जोडी सुचवितो. प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा १९३३ सालची. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तीही १९३३ सालीच. 'ईदगाह'मधला हमीद आपल्या आजीजवळ, अमीनाजवळ, राहतो. ईदच्या जत्रेसाठी त्याच्यापाशी अवघे तीन पैसे आहेत. त्याचे सवंगडी मातीचा शिपाई, भिस्ती, वकील अशी खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद तीन पैशांचा लोखंडी चिमटा घेतो. कारण तव्यावरची भाकरी काढताना आजीची बोटे भाजतात. ही मूळची गोष्ट आहे, नाटक नव्हे; परंतु जत्रा आणि घर असे दोन प्रवेश करून मुलांनी स्वतः तिची एकांकिका लिहावी. अमीनाचे काम करणाऱ्या मुलीची यात खरी परीक्षा आहे. आजी आधी रागावते आणि त्याच क्षणी तिचे डोळे भरून येतात. हा बदल एकही जादा शब्द न बोलता दाखवावा लागतो. त्याच सायंकाळी 'श्यामची आई'तला एखादा प्रसंग करावा, आणि अमीना झालेल्या मुलीनेच श्यामची आई व्हावे. लुगडे तेच चालेल, पदर तेवढा निराळा घ्यावा.

ही जोडी मी उगीच सुचवीत नाही. भिवंडीत मराठी बोलणारे आहेत, तसेच उर्दू बोलणारे विणकर आहेत. पद्मानगरात तेलुगू बोलणारे विणकर राहतात. येथील कोकणी मुसलमानांच्या घरात कोकणी बोली आहे आणि भोवतालच्या खेड्यांत आगरी. एका भिंतीला लागून राहणाऱ्या दोन घरांची एकमेकांशी ओळख नसावी, हे येथे अशक्य नाही. १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली या गावात दंगली झाल्या. त्या वेळचे भय माझ्या वयाची माणसे विसरलेली नाहीत. पुढे १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. निरनिराळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांना ते नेमाने एकत्र बसवू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, त्याचे मोठे श्रेय या समित्यांना दिले जाते. त्यांत मोठी माणसे बसत. मुलांना बैठकीत बसवून काय होणार? त्यांना एकत्र यावयास काही काम लागते. तालीम हे असे काम आहे, की ज्यात शेजारच्या मुलाच्या तोंडचे वाक्य आपल्यालाही पाठ व्हावे लागते. नाहीतर आपले वाक्य केव्हा यावयाचे तेच समजत नाही.

येथे मला एक तक्रार करावयाची आहे. आमच्या हौशी नाटकांतून परभाषी शेजारी आला, की तो मोडके मराठी बोलतो आणि लोकांना हसवून निघून जातो. त्याला दुसरे कामच नसते. ही खोड सोडा. ज्या घरची जी भाषा, ती त्या पात्राच्या तोंडी नीट असू द्या. हमीदचे काम उर्दू शाळेतल्या मुलाला द्या आणि त्याला उर्दूतच बोलू द्या. "प्रेक्षकांना कळणार नाही" असे म्हणाल, तर चिमटा सगळ्यांना कळतो.

कृष्णचंदर यांची 'दरवाजे खोल दो' ही एकांकिका मला याच कारणाने आवडते. कृष्णचंदर हे उर्दूतील नामवंत कथाकार. त्यांचे वास्तव्य मुंबईत होते आणि १९७७ साली तेथेच त्यांचे निधन झाले. या नाटकातील घरमालकाला जागा भाड्याने द्यावयाच्या आहेत. माणसे येतात, पण कोणाचा प्रांत त्याला पसंत नाही, कोणाचा धर्म, कोणाची जात. दार उघडते आणि मिटते. एक दार आणि एक खुर्ची, एवढ्या सामानावर हे नाटक उभे राहते. मूळ नाटक वाचा, जाणत्या माणसाकडून मराठी करून घ्या आणि प्रयोगापूर्वी परवानगी मागा. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनाचे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. दिवाकर, प्रेमचंद आणि साने गुरुजी यांच्या बाबतीत ही मुदत संपली आहे. कृष्णचंदरांची संपलेली नाही. परवानगीचे पत्र लिहिणे हेही नाट्यशिक्षणच आहे. आमची कितीतरी मंडळे ते टाळतात, हे मला मुळीच आवडत नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या 'विठ्ठल तो आला आला' सारख्या एकांकिका जरा मोठे झाल्यावर घ्याव्या. त्यांतील विनोद वरवर सोपा वाटतो, पण घाईने बोलले की तो हातचा निसटतो.

आणि छापील नाटक मिळाले नाही, तर? शेजारच्या ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी २०१४ साली 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम सुरू केला. मुलांसाठी अनेक नाटके लिहिलेले हे मोठे नाटककार. वस्त्यांतील मुलामुलींना त्यांनी आपले लिहिलेले नाटक दिले नाही. तुमच्या वस्तीत काय घडते, तेच तुम्ही करून दाखवा, असे सांगितले. त्यातून मुलांनी स्वतःच्या नाटिका उभ्या केल्या. मतकरी २०२० साली निवर्तले. मोठ्या लेखकाने स्वतःची लेखणी बाजूला ठेवून मुलांचे ऐकत बसावे, हे मला त्यांच्या अनेक नाटकांहून मोठे वाटते. आपल्या आळीतही असे विषय थोडे आहेत का? पाण्याच्या नळावरची रांग आहे, अचानक जाणारी वीज आहे, गावी परत निघालेला कामगार आहे.

माझे एक स्नेही म्हणतात, "आता मुलांच्या हाती मोबाईल आहे, तुमचे चौकातले नाटक कोण पाहणार?" मी त्यांना गेल्या वर्षी आमच्या आळीत नेले होते. भिंतीला चादर लावली होती आणि दिवे दोनच होते. त्यांनीही खिशातून मोबाईल काढला, तो फक्त नातवाचे छायाचित्र घेण्यासाठी.

यंदाही मुले येऊन गेली. खूप घासाघीस होऊन 'दरवाजे खोल दो' ठरले आहे. परवानगीचे पत्र कालच टपालात पडले. भाडेकरू व्हावयास दहाजण तयार आहेत. घरमालक व्हावयास मात्र कोणी तयार नाही. दुष्ट माणसाचे काम कोणालाच नको. माझ्या मते ते काम आळीतल्या सर्वांत गोड स्वभावाच्या मुलाला द्यावे. तो रविवारी मला भेटावयास येणार आहे.